हाताने बांधलेल्या रॉडवर नाव आणि नक्षी: डेकल बसवण्यापासून शेवटच्या थरापर्यंत

मासेमारीच्या रॉडसाठी ब्लँक (रॉडचा मूळ दांडा) निवडून झाला, ग्रिप (मूठ) आणि रील सीट (रील बसवायची जागा) चिकटली, गाइड (ज्यांतून दोरी जाते त्या कड्या) दोऱ्याने बांधून झाले. आता रॉडवर नाव घालायचं आहे. इथवर आलेल्या नवख्याला वाटतं की अवघड भाग सरला. मला उलट वाटतं. गाइडवरचा दोरा वाकडा गेला तर उलगडून पुन्हा गुंडाळता येतो. डेकल म्हणजे रॉडवर चिकटवायचं छापील नाव किंवा नक्षी. त्यावरचा एपॉक्सी (दोन भाग कालवून लावायचा, सुकल्यावर कडक होणारा पारदर्शक थर) एकदा सुकला की तो उतरवणं जिकिरीचं असतं, आणि रॉड हातात घेणाऱ्याची नजर सगळ्यात आधी तिथेच जाते. म्हणून हा लेख फक्त या शेवटच्या टप्प्याबद्दल आहे. तो बडोद्यात राहून इथल्या हवेत हे काम करणाऱ्यांसाठी लिहिला आहे, कारण परदेशी डब्यांवर छापलेल्या सूचना आपल्या मे महिन्याला आणि श्रावणाला गृहीत धरत नाहीत.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. डेकलची जागा दोन थरांच्या मध्ये असते. खाली गुळगुळीत, चकचकीत पृष्ठभाग, वर पारदर्शक फिनिश, आणि या दोघांमध्ये हवा, पाणी किंवा तेल यांचा अंशही राहता कामा नये. पुढची प्रत्येक पायरी एवढ्याचसाठी आहे.

आपल्याकडच्या माणसाला हे समजायला लांब जावं लागत नाही. डभोईच्या पुढे संखेड्याला खरादी लोक सागवानाचे झोपाळे, पाळणे आणि खुर्च्यांचे पाय खरादावर कातून रंगवतात. तिथे कथिलाची नक्षी आधी काढतात, पारदर्शक लाख त्यावर नंतर चढते. लाखेखाली गेलेलं रुपेरी कथिल सोनेरी दिसायला लागतं. रॉडवरही हाच क्रम असतो, आणि वरचा थर खालचा रंग बदलतो हेही तितकंच खरं. रुपेरी किंवा पांढरं डेकल एपॉक्सीखाली गेलं की किंचित उबदार छटा घेतं. म्हणून रंग ठरवताना कागदावर बघून समाधान मानू नका. एखाद्या जुन्या, तुटक्या रॉडच्या तुकड्यावर पूर्ण प्रक्रिया करून बघा. असा तुकडा जवळ असणं ही या कामातली सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे.

आधी हवा बघा

रॉडचं एपॉक्सी फिनिश साधारण २१ ते २७ अंश सेल्सिअस तापमानात चांगलं वागतं. बडोद्यात असं तापमान नैसर्गिकपणे मिळतं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, तेही दिवसा. उत्तरायणाच्या आसपास दुपार सुरेख असते, पण रात्री पारा खाली जातो. संध्याकाळी लावलेला थर मग फार हळू सुकतो आणि तेवढा वेळ धूळ झेलत राहतो. या दिवसांत सकाळी दहाच्या सुमारास सुरू करा, म्हणजे थर घट्ट व्हायला लागण्याचे पहिले तास उबेत जातात.

मे महिन्यात प्रश्न उलटा असतो. एपॉक्सी घट्ट होताना स्वतःच उष्णता सोडतो, आणि खोली जितकी गरम तितकी ही क्रिया वेगाने होते. ढोबळमानाने दर १० अंशांना काम करायचा वेळ निम्मा होतो. २५ अंशांना जो माल २० ते ३० मिनिटं ब्रशखाली सहज पसरतो, तो पस्तीस अंशांच्या खोलीत दहा-पंधरा मिनिटांतच ताणला जायला लागतो. एसी असेल तर २५ वर ठेवून त्याच खोलीत काम करा. नसेल तर पहाटे करा, आणि एका वेळी थोडाच माल कालवा.

खरी परीक्षा पावसाळ्यात असते. दमट हवेत हार्डनरमधली (एपॉक्सी घट्ट करणाऱ्या दुसऱ्या भागातली) अमाइन रसायनं ओलाव्याशी आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतात आणि सुकलेल्या थरावर तेलकट, धुरकट साय धरते. शिवाय डेकलखालचं पाणी वाळत नाही. जून-मध्यापासून सप्टेंबरपर्यंत मी नवख्याला हे काम करू नका असंच सांगेन. घाई असेलच तर एसी ड्राय मोडवर ठेवून खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली आणा. आर्द्रता मोजायचं छोटं हायग्रोमीटर स्वस्तात मिळतं. रॉड त्या खोलीत दोनेक तास आधीच नेऊन ठेवा. काम चालू असताना गार झालेला रॉड दमट व्हरांड्यात काढू नका, त्यावर लगेच दव धरतं आणि ते डोळ्यांना दिसतही नाही.

पंखा बंद ठेवा, खिडक्या लावा. फरशी आदल्या दिवशी पुसा, त्याच दिवशी झाडू नका. अगाशीवर किंवा गॅलरीत हे काम होत नाही.

नावाची आखणी

साधारण रॉडवर काय लिहितात? मालकाचं नाव, रॉडची लांबी, किती पौंडाच्या दोरीसाठी आहे, किती वजनाचं ल्यूर (नकली आमिष) फेकतो, बांधल्याचं वर्ष. एखादं छोटं चित्रही चालतं. पण सगळं एकाच डेकलमध्ये कोंबू नका. नाव मोठं, आणि तांत्रिक माहिती त्यामागे बारीक अक्षरांत, एका ओळीत.

किती मोठं ते ब्लँकची जाडी ठरवते. ग्रिपच्या पुढे ब्लँक १२ मिलिमीटर जाड असेल तर त्याचा परीघ ३८ मिलिमीटरच्या आसपास येतो. समोरून बघताना त्यातला जेमतेम निम्मा दिसतो, आणि कडांकडचा भाग वळलेला असल्यामुळे वाचता येत नाही. म्हणून डेकलची उंची परिघाच्या एक तृतीयांशात बसवा, म्हणजे १२ मिलिमीटर.

देवनागरीत लिहिणार असाल तर इथे जास्त विचार लागतो. इंग्रजी कॅपिटल अक्षरं एका पट्टीत बसतात. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार येतो. त्यामुळे १२ मिलिमीटरच्या पट्टीत मूळ अक्षर पाच मिलिमीटरच्या आसपासच राहतं. फॉन्ट असा निवडा की शिरोरेषा आणि बारीक फाटे दोन्ही ठसठशीत राहतील. लग्नपत्रिकेवर शोभणारे कमनीय फॉन्ट पाच मिलिमीटरला छापले की शिरोरेषा तुटते आणि जोडाक्षरांची आतली पोकळी भरून जाते. साधा, जाडसर फॉन्ट घ्या आणि अक्षरांमध्ये किंचित जास्त अंतर ठेवा. शिरोरेषा मात्र सलग राहायला हवी, नाहीतर शब्दाचे तुकडे पडल्यासारखे दिसतात.

छपाईच्या दुकानात वर्ड फाइल कधीच देऊ नका. त्यांच्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसेल तर जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाते, आणि हे तिथल्या माणसाच्या लक्षात येईलच असं नाही. पीडीएफ द्या, फॉन्ट त्यात समाविष्ट करून, किंवा ६०० डीपीआयचं चित्र द्या. छापण्याआधी पडद्यावर अक्षर अन् अक्षर स्वतः वाचा.

ब्लँक टोकाकडे निमुळता होत जातो. लांबीच्या दिशेने बसवलेल्या नावाला त्याचा त्रास होत नाही. पण ब्लँकला वेढा घालणारी वेलबुट्टीची पट्टी सरळ कापून गुंडाळलीत, तर तिची दोन टोकं एकमेकांना भेटत नाहीत, एक पुढे जातं, एक मागे राहतं. अशा वेढ्याच्या नक्षीसाठी पट्टी कमानीसारखी वळवून काढावी लागते. पहिल्या रॉडवर तो नाद सोडा. वेढ्याची हौस दोऱ्याच्या रंगीत पट्ट्यांनी भागवा, त्या निमुळत्या ब्लँकवर बिनतक्रार बसतात.

आखणी झाली की ती आधी साध्या कागदावर छापा, कापा, टेपने रॉडवर लावा आणि हातभर अंतरावरून बघा. आकार नेहमी इथेच बदलावा लागतो.

कागद, शाई आणि काळ्या ब्लँकची अडचण

घरी किंवा दुकानात छापता येणारा प्रकार म्हणजे वॉटरस्लाइड डेकल. कागदावर पातळ फिल्म असते, तिच्यावर छापायचं, पाण्यात भिजवलं की फिल्म कागदावरून सरकते. हा कागद पारदर्शक आणि पांढरा अशा दोन तऱ्हांचा मिळतो, आणि इंकजेटचा वेगळा, लेझरचा वेगळा असतो. इंकजेटचा कागद लेझर प्रिंटरमध्ये घालू नका. आतल्या गरम रोलरवर फिल्म वितळून चिकटू शकते आणि प्रिंटर निकामी होऊ शकतो.

लेझरचा टोनर पाण्याने उतरत नाही, म्हणून नवख्यासाठी तोच बरा. इंकजेटची शाई पाण्यात पसरते, त्यामुळे छापल्यावर अॅक्रिलिक क्लिअर स्प्रेचे दोन-तीन हलके हात द्यावे लागतात, प्रत्येक हाताच्या मध्ये पंधरा-वीस मिनिटं, आणि मग रात्रभर वाळवणं. एकच जाड हात देऊ नका. फिल्म जाड झाली की ती ब्लँकच्या गोलाईवर वळत नाही आणि कडा उभ्या राहतात.

आता मुख्य अडचण. बहुतेक कार्बन ब्लँक काळे किंवा गडद करडे असतात, आणि साध्या प्रिंटरला पांढरा रंग छापता येत नाही. पांढरा भाग म्हणजे तिथे शाईच नाही. पारदर्शक कागदावर छापलेलं सुंदर लाल नाव काळ्या ब्लँकवर गेलं की जवळजवळ दिसेनासं होतं. यातून वाट काढायचे मार्ग असे. पांढऱ्या कागदावर छापून, अक्षरांभोवती गडद पार्श्वभूमीही छापून, तिच्या कडेने नेटकं कापायचं. पण छापलेला काळा आणि ब्लँकचा काळा क्वचितच जुळतो, म्हणून हा जोड लपवण्याऐवजी त्याची चौकट करा, रंगीत सीमारेषा द्या. किंवा पांढरी आणि धातूच्या रंगाची शाई छापणाऱ्या व्यावसायिकाकडून सोनेरी-रुपेरी डेकल करून घ्या. काळ्या ब्लँकवर सोनेरी नाव सगळ्यात उठावदार दिसतं आणि एपॉक्सीची पिवळसर छटा त्याला मारक होत नाही. तिसरा मार्ग म्हणजे नावाच्या जागी फिक्या रंगाचा दोरा गुंडाळून त्यावर पारदर्शक डेकल बसवणं. दिसायला हे फार छान, पण दोऱ्याच्या खाचा भरून सपाट पृष्ठभाग मिळायला खाली दोन थर तरी द्यावे लागतात.

आणि डेकलशिवायचा मार्ग: हाताने लिहिणं. टाक किंवा बारीक निब आणि घट्टसर पांढरा किंवा सोनेरी अॅक्रिलिक रंग. मला स्वतःला हस्ताक्षरातलं नाव छापील नावापेक्षा जास्त आवडतं. ज्याचं अक्षर चांगलं आहे त्याने कागदाच्या भानगडीत न पडता हेच करावं. चुकलं तर रंग ओला असताना ओल्या कापडाने पुसता येतो, आणि पुढची फिनिशची सगळी कृती तीच राहते.

जागा ठरवणं

रील लावा, रॉड मासा धरताना धरता तसा हातात धरा आणि कुठली बाजू डोळ्यांसमोर येते ते बघा. स्पिनिंग रॉडचे गाइड खाली लोंबतात, त्यामुळे वरची बाजू मोकळी असते आणि नाव तिथे शोभतं. बेटकास्टिंग रॉडचे गाइड वर असतात. तिथे नाव त्यांच्या रेषेत घातलं तर दोरी त्यावरून सतत जाते, म्हणून थोडं बाजूला घ्या.

ग्रिपच्या टोकापासून तीन-चार सेंटिमीटर सोडून सुरुवात करा. हुक अडकवायची कडी कुठे आहे ते बघा, लोंबता हुक नावावर घासणार असेल तर नाव पुढे सरकवा. सरळ रेषा मिळवण्यासाठी टोकाच्या गाइडपासून रील सीटच्या मध्यापर्यंत एक दोरा ताणून धरा आणि त्याला समांतर मास्किंग टेपची पट्टी ब्लँकवर लावा. डेकलची खालची कड या टेपला समांतर ठेवायची. डोळ्याच्या अंदाजाने बसवलेलं नाव फिनिश चढल्यावर हमखास तिरकं दिसतं.

नावाच्या दोन्ही बाजूंना पाच-सहा मिलिमीटरची दोऱ्याची पट्टी गुंडाळून घ्या. ती दिसायला चांगली दिसतेच, पण तिचं खरं काम वेगळं आहे: एपॉक्सीला थांबायला काठ मिळतो. उघड्या ब्लँकवर मध्येच संपलेला एपॉक्सी नागमोडी कड सोडतो.

पुसणं आणि तळथर

एपॉक्सीचा वैरी सिलिकॉन. बाइकचं पॉलिश, सिलिकॉन स्प्रे, हँड क्रीम, केसांचं तेल लागलेला हात, यांतलं काहीही ब्लँकला लागलं की फिनिश त्या जागेवरून मागे सरतो आणि गोल खड्डे पडतात. रॉड बांधणारे त्यांना फिश आय म्हणतात. आधी पाणी आणि भांड्यांच्या साबणाच्या थेंबाने पुसा, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सोडणाऱ्या कापडाने. त्यानंतर तिथे उघडा हात नको, नायट्राइलचे हातमोजे घाला.

ब्लँक चकचकीत असेल तर डेकल थेट बसवता येतं. तो मॅट किंवा घासून तयार केलेला असेल तर आधी पातळ एपॉक्सीचा तळथर द्या आणि एक दिवस सुकू द्या. खडबडीत पृष्ठभागाच्या बारीक खळग्यांत हवा अडकते आणि पारदर्शक फिल्मखाली रुपेरी झाक दिसते. वरून कितीही फिनिश चढवलं तरी ती जात नाही.

डेकल बसवणं

नवं, धारदार पातं घ्या. कोपरे गोल कापा, कारण टोकदार कोपरा आधी उचलला जातो. पारदर्शक फिल्म असेल तर अक्षरांभोवती एक-दीड मिलिमीटर कड ठेवा.

पाणी डिस्टिल्ड वापरा, गॅरेजमध्ये बॅटरीत घालायला मिळतं तेच. आरओचंही चालेल. बोअरच्या पाण्यातले क्षार वाळल्यावर फिल्मखाली पांढरे डाग सोडतात, आणि गडद ब्लँकवर ते स्पष्ट दिसतात. पाणी कोमट असू द्या. डेकल वीस-तीस सेकंद बुडवा, बाहेर काढून टिश्यूवर मिनिटभर ठेवा. अंगठ्याने अगदी हलकं दाबून फिल्म सरकते का बघा. सरकत नसेल तर ओढू नका, पुन्हा थोडं भिजवा.

ब्लँकवर जागेवर पाण्याचा थेंब पसरा. डेकल कागदासकट जागेवर आणा, फिल्मची कड ब्लँकवर टेकवा आणि खालून कागद बाहेर सरकवा. फिल्म कागदावरून उचलून बोटांवर घेतली की ती गुंडाळते आणि मग सुटत नाही. खाली पाणी आहे तोवर ओल्या मऊ ब्रशने तिला हलवता येतं. टेपच्या रेषेशी जुळवा, हातभर अंतरावरून एकदा बघा. मग दमट स्पंजने मध्यापासून कडांकडे पाणी दाबत काढा. घासायचं नाही, फक्त टेकवत जायचं. जाड ब्लँकवर हे सहज होतं. पातळ ब्लँकवर कडा उभ्या राहत असतील तर मॉडेल बनवणारे वापरतात ते डेकल मऊ करणारं द्रावण ब्रशने एकदाच लावा आणि हात काढून घ्या. फिल्म थोडा वेळ सुरकुतल्यासारखी दिसेल, तेव्हा तिला स्पर्श करू नका. ती आपोआप बसते.

तासाभराने टॉर्च तिरका धरून तपासा. कुठे रुपेरी ठिपका दिसला तर बारीक सुईने टोचून तिथे द्रावणाचा थेंब द्या आणि टेकवा. कडांभोवती बाहेर आलेला गोंद दमट कापडाने पुसायला विसरू नका, एपॉक्सीखाली तो धुरकट दिसतो. इथे अल्कोहोल मात्र चालत नाही. ते अॅक्रिलिक आणि शाई दोन्ही उतरवू शकतं.

आता वाळू द्या. हिवाळ्यात रात्रभर पुरतं, दमट दिवसांत पूर्ण दोन दिवस द्या. या टप्प्यावरच्या घाईने जेवढी डेकल वाया जातात तेवढी दुसऱ्या कशानेही जात नाहीत, कारण फिल्मखाली राहिलेलं पाणी एपॉक्सीच्या उबेने बुडबुडे होऊन वर येतं किंवा पांढरट ढग होऊन तिथेच राहतं.

एपॉक्सी

रॉडसाठी बनवलेलाच दोन भागांचा एपॉक्सी घ्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा पाच मिनिटांचा एपॉक्सी किंवा टेबल ओतायचा रेझिन इथे उपयोगाचा नाही. रॉड वाकतो, फिनिशलाही त्याच्याबरोबर वाकावं लागतं, आणि कडक रेझिनला तडे जातात. पातळ प्रकाराला लाइट आणि जाड प्रकाराला हाय बिल्ड म्हणतात. डेकलवर लाइट वापरा.

बहुतेक ब्रँडचं प्रमाण आकारमानाने समसमान असतं. वजनाने समसमान घेतलंत तर चुकेल, कारण रेझिन आणि हार्डनर यांची घनता सारखी नसते. सिरिंजने मोजा, दोन सिरिंजवर नावं लिहा आणि त्या कधीही बदलू नका. इंजेक्शनच्या साध्या सिरिंजच्या रबरी दट्ट्याला सिलिकॉनचं वंगण असतं, म्हणून दट्टाही प्लॅस्टिकचा असलेली सिरिंज बघून घ्या. काम थोडं असलं तरी प्रत्येकी तीन मिलिलिटरपेक्षा कमी घेऊ नका. थोड्या मालात थेंबाचा फरकही प्रमाण बिघडवतो आणि थर कायमचा चिकट राहतो. एवढ्या मालात नाव आणि सगळे गाइड यांचा एक थर होतो.

मेण न लावलेल्या छोट्या प्लॅस्टिक कपात तीन-चार मिनिटं सावकाश ढवळा, तळ आणि कडा खरवडत. फेटू नका. मग सगळा माल अॅल्युमिनियम फॉइलवर ओता. पसरल्यावर उष्णता निघून जाते, काम करायला वेळ जास्त मिळतो आणि बुडबुडे फुटायला सोपं जातं. कपातच ठेवलात तर तो स्वतःच्याच उष्णतेने लवकर घट्ट होतो.

हातमोजे या टप्प्यावर सक्तीचे समजा. हार्डनर त्वचेला वारंवार लागला की अॅलर्जी होते आणि एकदा झालेली ती सहसा जात नाही. लागलाच तर साबण-पाण्याने धुवा, थिनरने नाही, थिनर त्याला त्वचेत आणखी आत नेतो.

लावणं आणि फिरवणं

रॉड आडवा, दोन आधारांवर, जमिनीला समांतर. फिरवायला मोटर हवी. मायक्रोवेव्हमधली ताटली फिरवणारी सिंक्रोनस मोटर मिनिटाला पाच-सहा फेरे देते, सुट्या भागांच्या दुकानात मिळते आणि या कामाला पुरते. त्यावर २२० ते २४० व्होल्ट लिहिलेलं आहे हे बघून घ्या, काही कमी व्होल्टच्याही असतात. जोडणी उघडी राहणार नाही याची काळजी घ्या, विजेची माहिती नसेल तर जाणकाराकडून जोडून घ्या. मोटर नसेल तर हाताने दर पाच मिनिटांनी अर्धा फेरा द्यावा लागेल, आणि थर ओघळेनासा होईपर्यंत हे चालतं.

मऊ, चपटा नायलॉनचा ब्रश. आधी दोन्ही कडेच्या दोऱ्याच्या पट्ट्या भिजवा, मग मधलं नाव. ब्रशने दाबून ओढू नका, एपॉक्सीचा थेंब ब्रशपुढे ठेवून रॉड फिरू द्या, तो स्वतः पसरतो. डेकलच्या कडेवरून ब्रश नेताना फिल्मच्या आतून बाहेर न्या, बाहेरून आत नेलात तर कड उचलली जाऊ शकते. मग मोटर दोन मिनिटं बंद करा. जास्तीचा माल खालच्या बाजूला थेंबासारखा जमतो, तो ब्रशने टिपून घ्या, पुन्हा फिरवा. हे दोनदा केलं की थर पातळ आणि सारखा होतो. माल जास्त राहिला तर मध्ये फुगवटा आणि टोकाला निमुळता असा आकार येतो, बांधणारे त्याला फुटबॉल म्हणतात.

बुडबुडे दिसले तर बहुतेक दहा मिनिटांत स्वतः फुटतात. राहिलेच तर स्पिरिटच्या दिव्याची ज्योत खालून झरकन न्या, थांबायचं नाही. लायटरची ज्योत काजळी धरते. डेकलच्या जागेवर ज्योत अजून लांबून, कारण उष्णतेने फिल्म आक्रसते. अल्कोहोलची बाटली त्याआधी झाकण लावून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा.

मोटर किमान पाच-सहा तास चालू द्या. थंडीत जास्त.

दुसरा थर

पहिला थर नखाने दबत नाही असा झाला की, साधारण बारा ते चोवीस तासांनी, दुसरा द्या. फिल्मच्या कडेची पायरी बहुधा दुसऱ्या थरातच लपते. त्याहून जास्त वेळ गेला असेल, किंवा पृष्ठभाग तेलकट लागत असेल, तर आधी कोमट साबण-पाण्याने धुवा. ती अमाइनची साय पाण्यात विरघळते, अल्कोहोलने नुसती पसरते. वाळल्यावर बारीक स्कॉच-ब्राइटने हलकेच घासून चमक घालवा आणि धूळ पुसून थर द्या. धुळीचे टोकदार कण असतील तर १००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून फक्त तेवढ्याच ठिपक्यावर फिरवा. डेकलच्या कडेवर तो पेपर कधीही नेऊ नका, फिल्म उघडी पडली की तिथून पाणी शिरतं.

साध्या नायलॉनच्या दोऱ्याचा रंग एपॉक्सीखाली गडद आणि पारदर्शक होतो. पट्टीचा मूळ रंग हवा असेल तर एपॉक्सीच्या आधी दोऱ्यावर कलर प्रिझर्व्हर लावायचा असतो, किंवा एनसीपी लिहिलेला, म्हणजे प्रिझर्व्हर न लागणारा दोरा घ्यायचा. हे डेकल बसवण्याआधी ठरवा.

दोन थरांनंतर रॉड चोवीस तास हात न लावता, मग आठवडाभर न वाकवता ठेवा. पूर्ण कडकपणा यायला तेवढे दिवस लागतात. पहिली फेक मोकळ्या मैदानावर, हुकाशिवाय, नुसतं वजन बांधून करा. घराजवळ आहे म्हणून विश्वामित्रीचा काठ निवडू नका, तिथे मगरी आहेत आणि त्या शहराच्या मध्यापर्यंत वावरतात. तलाव असो की नदी, मासेमारीची परवानगी कोणाकडे आहे ते आधी विचारून घ्या.

एपॉक्सी उन्हाने पिवळा पडतो, आणि पांढऱ्या नावावर ते सगळ्यात आधी दिसतं. रॉड गाडीच्या मागच्या काचेखाली किंवा गॅलरीत ठेवू नका, कापडी पिशवीत घालून घरात ठेवा.

बिघडलंच तर

नाव तिरकं बसलं आणि अजून एपॉक्सी लावला नसेल, तर डेकल पाण्याने भिजवून काढा आणि नवं बसवा. म्हणून एका कागदावर नावाच्या चार-पाच प्रती छापून ठेवा. एपॉक्सी ओला आहे आणि फिश आय पडले, तर लगेच अल्कोहोलने पुसायची इच्छा आवरा, डेकलही जाईल. थर सुकू द्या, खड्ड्याभोवती हलकेच घासा, साबणाने धुवा, आणि दुसऱ्या थराने खड्डे भरा. थर दोन दिवसांनीही बोटाला चिकटतो आहे, तर प्रमाण किंवा ढवळणं चुकलं आहे. थोडासाच चिकट असेल तर नीट कालवलेला नवा पातळ थर वरून दिल्यास बहुधा झाकला जातो.

पूर्ण सुकलेल्या थराखालचं नाव बदलायचं असेल तर हेअर ड्रायरने एपॉक्सी मऊ होईपर्यंत गरम करा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने किंवा नखाने सोला. हीट गन वापरू नका, ब्लँकमधला रेझिनही उष्णतेने कमजोर होतो. ब्लेड तर नकोच. कार्बनच्या ब्लँकवर पात्याने पडलेला बारीक ओरखडासुद्धा मासा लागल्यावर नेमका तिथेच तुटायला कारण होतो.